आमच्या सीडींतले आवाज बाहेर निघेपर्यंत तरी थांबा: लॅपटॉप कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
भारतात लॅपटॉप बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांचे व्यवस्थापन यांस

स.न.वि.वि.

तुमच्या लॅपटॉपमधून सीडी-डीव्हीडी वाचणारा ड्राइव्ह तुम्ही काढून टाकलात, त्याबद्दल हे पत्र आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक ग्रंथालयाचा कार्यवाह आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून गेली नऊ वर्षं हे काम बिनपगारी पाहतो. आमचं ग्रंथालय 'ब' वर्गातलं. अनुदान हप्त्याहप्त्याने येतं आणि त्यातून कर्मचाऱ्यांचे पगार, वर्तमानपत्रं, पुस्तकखरेदी भागवताना ओढाताण होते. म्हणून नवा लॅपटॉप घ्यायचं ठरलं तेव्हा आम्ही सभासदांकडे आणि गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्यांकडे वर्गणी मागितली. पन्नास रुपयांपासून हजारापर्यंत लोकांनी दिले. त्या सगळ्यांची नावं पावतीपुस्तकात आहेत, म्हणून हे पत्र मी एकट्याच्या वतीने लिहीत नाही.

लॅपटॉप आला त्या संध्याकाळी आमच्या ग्रंथपाल बाई एक सीडी हातात घेऊनच उभ्या होत्या. खोका उघडला, लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि बाई तो फिरवून बघू लागल्या. डावी कड, उजवी कड, मग उचलून मागची बाजू. सीडी घालायला कुठे जागाच नव्हती. जुन्या लॅपटॉपला जिथून ट्रे बाहेर यायचा, तिथे सलग प्लॅस्टिकची पट्टी होती. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "सर, आता कुठल्याच लॅपटॉपला ड्राइव्ह येत नाही. बाहेरचा घ्या ना, दीड-दोन हजारांत मिळतो." खोक्यावर प्रोसेसर, रॅम, स्क्रीन, कॅमेरा, बॅटरी असं सगळं मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं. ड्राइव्ह नाही, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. आम्ही विचारायला हवं होतं, हे मान्य. पण आमचे आधीचे दोन्ही संगणक ड्राइव्हसकट आले होते, त्यामुळे विचारायचं सुचलंच नाही.

बाईंच्या हातातल्या सीडीबद्दल सांगितल्याशिवाय माझं म्हणणं तुम्हाला कळणार नाही.

आमची वसंत व्याख्यानमाला १९७४ पासून चालू आहे. १९८३ पासूनची बरीचशी व्याख्यानं कॅसेटवर घेतलेली होती. कोकणच्या पावसात कॅसेटला बुरशी धरते. फीत एकमेकींना चिकटते आणि प्लेअरमध्ये घातली की आतच गुंडाळून बसते. म्हणून २००४ ते २००६ असे तीन उन्हाळे गावातल्या फोटो स्टुडिओत काम करणाऱ्या एका मुलाने त्या सगळ्या कॅसेट सीडीवर उतरवून दिल्या. एक तासाची कॅसेट म्हणजे एक तास समोर बसणं आलं. अशा १६८ सीडी झाल्या. प्रत्येकीवर काळ्या मार्करने वक्त्याचं नाव, विषय, तारीख. कॅसेट आम्ही नंतर टाकून दिल्या, कारण सगळं आता सीडीत कायमचं आलं अशी आमची खात्री होती. आज त्या आवाजांची दुसरी प्रत जगात कुठेही नाही.

त्यातली १९८६ सालची एक सीडी. आमच्याच तालुक्यातल्या एका शिक्षकांचं भाषण. १९४२ साली ते अठरा वर्षांचे होते आणि रात्री डोंगर ओलांडून भूमिगतांची पत्रकं गावोगाव पोचवत. ती पत्रकं छत्रीत कशी गुंडाळून नेली, नाक्यावर पोलिसाने छत्री उघडायला सांगितली तेव्हा नेमका पाऊस कसा थांबलेला होता, हे त्यांनी त्या भाषणात सांगितलंय. गुरुजी जाऊन वीस वर्षं झाली. परवाच्या मे महिन्यात त्यांची नात नाशिकहून मुलाला घेऊन आली. पणतूला पणजोबांचा आवाज ऐकवायचा होता.

आम्ही २०११ सालचा जुना लॅपटॉप काढला. त्याचा ट्रे आता बटणाने उघडत नाही. कागदाला लावायची क्लिप सरळ करून समोरच्या बारीक भोकात खुपसावी लागते, तेव्हा तो बोटभर बाहेर येतो. सीडी ठेवली, ड्राइव्ह घरघरला आणि गुरुजी बोलू लागले. एकतीस मिनिटं झाली आणि छत्री उघडायच्या आधीच आवाज अडकला. ड्राइव्ह जोरात फिरायचा, मंदावायचा, पुन्हा जोर धरायचा. आम्ही सगळे त्या आवाजाकडे कान लावून बसलो होतो. पोराने विचारलं, "पुढचं नाही का?"

पुढचं होतं. दोन दिवसांनी शाळेतल्या संगणक शिक्षकांकडच्या जुन्या डेस्कटॉपवर तीच सीडी शेवटपर्यंत वाचली गेली. तोवर माय-लेक नाशिकला परत गेले होते. आम्ही फाइल फोनवर पाठवली.

या एका गोष्टीत माझं सगळं म्हणणं आहे. सीडी मेलेली नव्हती, तिला वाचणारा ड्राइव्ह थकला होता. एका ड्राइव्हवर अडलेली सीडी दुसऱ्यावर चालते, हे ज्यांनी हे काम केलंय त्या सगळ्यांना ठाऊक आहे. सीडीची रचना करणाऱ्यांनी तिच्यात चूक दुरुस्त करायची अशी सोय केली आहे, की अडीच मिलिमीटरपर्यंतचा खंड पडला तरी मूळ माहिती भरून काढता येते. पण त्यासाठी लेझर ताजा हवा, भिंग स्वच्छ हवं, तबकडी न डगमगता फिरायला हवी. म्हणजे चांगले, नवे ड्राइव्ह हवेत, आणि नेमके तेच तुम्ही बंद केलेत.

आता काळाचा हिशोब बघा. सीडी बाजारात आली १९८२ साली, डीव्हीडी १९९६ मध्ये. आपल्याकडे घरोघरी, स्टुडिओत, कचेऱ्यांत सीडी लिहिल्या गेल्या त्या साधारण १९९८ ते २०१२ या काळात. नोएडाच्या मोझर बेअर कंपनीच्या कोऱ्या सीडी तेव्हा अगदी आमच्या बाजारपेठेतल्या स्टेशनरीच्या दुकानातही मिळायच्या. घरी लिहिलेल्या सीडीत माहिती असते ती रंगद्रव्याच्या एका पातळ थरात. ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो थर हळूहळू खराब होतो. लोक चकचकीत बाजू जपतात, पण सीडीची खरी नाजूक बाजू छापील. आरशासारखा थर तिथे नुसत्या वार्निशच्या लेपाखाली असतो, आणि तिथे पडलेला ओरखडा कशानेच भरून येत नाही. त्या काळच्या सीडी आज दहा वर्षांहून जास्त, काही तर पंचवीस वर्षांहूनही जास्त जुन्या झाल्या आहेत. त्यांच्यातलं जे वाचवायचं ते येत्या काही वर्षांतच वाचवता येईल. मोझर बेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघून बंद पडली. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे (डीव्हीडीच्या पुढच्या पिढीच्या) तबकड्यांचं उत्पादन थांबवलं. नव्या तबकड्या येणार नाहीत, याबद्दल माझी तक्रारच नाही. मला नव्या सीडी लिहायच्या नाहीत. जुन्या रिकाम्या करून घ्यायच्या आहेत, आणि त्यासाठी लागणारं एकमेव साधन तुम्ही आमच्या समोरून उचलून नेलंत.

हे फक्त ग्रंथालयाचं दुखणं असतं तर मी वर्गणी काढून बाहेरचा ड्राइव्ह घेतला असता आणि गप्प बसलो असतो. पण मागच्या डिसेंबरात जे घडलं, त्यानंतर हे पत्र लिहायचं पक्कं केलं.

माझ्या थोरल्या भावाला मणक्याचा त्रास आहे. आंबा घाट चढून कोल्हापूरला नेऊन त्याचा एमआरआय काढला. तिथून तीन फिल्म आणि कागदी पाकिटात एक सीडी मिळाली. दुसरं मत घ्यायला पुण्याला जायचं होतं. रात्रीच्या एसटीने निघालो. दादाला बसवत नव्हतं, निम्मा रस्ता तो उभ्याने आला. सकाळी अकराला डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरून पाहिली आणि म्हणाले, "यात चित्रं फार लहान आहेत. मला एकेक थर पुढेमागे सरकवून बघायचाय. सीडी आहे ना?" मी सीडी पुढे केली. डॉक्टरांच्या टेबलावर नवा कोरा लॅपटॉप. त्यांनी सीडी हातात घेतली, लॅपटॉपकडे पाहिलं आणि मला परत दिली. स्वागतकक्षातल्या संगणकालाही ड्राइव्ह नव्हता. "लिंक नाही का दिली त्यांनी?" नव्हती दिली. मी त्या भागातली झेरॉक्सची दुकानं पालथी घातली. पाचव्या दुकानात एक जुना संगणक मिळाला. एमआरआयची चित्रं डायकॉम नावाच्या ठरलेल्या पद्धतीत असतात, सगळं फोल्डर जसंच्या तसं उतरवावं लागतं. दुकानातल्या मुलाने आधी फक्त दोन फाइली घेतल्या, मग पुन्हा सगळं घेतलं. पेन ड्राइव्ह घेऊन परतलो तेव्हा डॉक्टर शस्त्रक्रियेला गेले होते. पुढची वेळ मिळाली आठ दिवसांनंतरची. दादा तोच रस्ता पुन्हा तसाच उभ्याने आला.

डॉक्टरांचा दोष नव्हता, कोल्हापूरच्या केंद्राचाही मी धरत नाही. सीडी वीस रुपयांत पडते, रुग्णाला देऊन टाकता येते आणि तिच्यावरचं नंतर कुणाला बदलता येत नाही. म्हणूनच ती अजून दिली जाते. घेणाऱ्याकडे मात्र ती वाचायला काही उरलेलं नाही. या दोन टोकांमध्ये जो उभा असतो तो कायम रुग्ण असतो किंवा त्याचा भाऊ.

'आता सीडी कोण वापरतं?' असं तुमच्याकडून सांगितलं जातं, त्याला माझं हे उत्तर आहे. विकत कोणी घेत नसेल, पण हातात अजून पडते. आमच्या एका सभासदाने रस्त्याच्या कामाची मोजमापं माहिती अधिकारात मागितली, ती त्याला सीडीवर मिळाली. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला, म्हणजे अगदी कालचा कायदा. त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याला जे प्रमाणपत्र जोडायचं, त्याच्या नमुन्यात पुरावा कुठून घेतला त्यावर खूण करायची असते. मोबाइल, पेन ड्राइव्ह, सर्व्हर, क्लाउड यांच्या रांगेत तिथे 'सीडी/डीव्हीडी' असा चौकोनही आहे. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आले की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातल्या चित्रणावर येऊन ठेपला. ते चित्रण न्यायालयात व्हीसीडीवर, म्हणजे व्हिडिओ सीडीवर आलं होतं, आणि सर्वोच्च न्यायालयाचा त्यावरचा निर्णय १४ जुलै २०२० चा आहे. तालुक्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्या कुणालाही विचारा, त्याच्या कपाटात फायलींना टाचलेल्या किती सीडी आहेत. आणि लग्नाच्या सीडी तर घरोघरी आहेत. गणपतीत मुंबईहून आलेली माणसं ग्रंथालयात येऊन विचारतात, "भाऊ, ही लागते का बघा ना, आईचं यात आहे."

दुसरं तुमचं म्हणणं, लॅपटॉप पातळ करायचा होता. ज्यांना रोज खांद्याला अडकवून लोकलने जायचंय त्यांच्यासाठी हे पटतं. जानेवारी २००८ मध्ये अ‍ॅपलने मॅकबुक एअर आणला, त्यात ड्राइव्ह नव्हता, कारण ते यंत्रच पाकिटात मावेल एवढं पातळ करायचं होतं. पण त्यांनी तेव्हा काय केलं तेही लक्षात घ्या. जोडायला स्वतःचा ड्राइव्ह विकायला ठेवला. शेजारच्या संगणकातला ड्राइव्ह वायफायवरून वापरता येईल अशी सोय दिली. आणि ड्राइव्ह असलेलं मॅकबुक प्रोचं २०१२ सालचं एक मॉडेल ऑक्टोबर २०१६ पर्यंत विक्रीत ठेवलं. ज्यांनी आधी काढला त्यांनीच निघायला आठ वर्षं दिली. आमच्या ग्रंथालयात आलेला लॅपटॉप १५.६ इंची, दोन किलोच्या आसपासचा, टेबलावरून न हलणारा. लॅपटॉपमध्ये बसणारा बारीक ड्राइव्ह ९.५ मिलिमीटर जाडीचा असतो. असल्या घरगुती, टेबलावरच्या यंत्राला तो न बसण्याइतकं पातळ व्हायची काय गरज होती, हे मला खरोखर समजलेलं नाही.

तिसरं, 'बाहेरचा घ्या'. घरच्या दोन-चार सीडींसाठी ते ठीक आहे, आणि ज्यांना जमेल त्यांनी जरूर घ्यावा, मी स्वतः तसं सांगतो. आम्हीही शेवटी घेतला. एका यूएसबीतून त्याला वीज पुरेना, म्हणून दुहेरी वायर लावली. लॅपटॉपच्या तीन जागांपैकी दोन त्यातच गेल्या. ड्राइव्ह इतका हलका की वायरीला हात लागला तरी सरकतो आणि चालू असलेलं वाचन तुटतं. चार महिन्यांत ट्रेचा खटका गेला. खोक्यावरच्या कंपनीचं सेवा केंद्र जिल्ह्यात नाही, तुमच्या सेवा केंद्रात विचारलं तर "ते आमचं उत्पादन नाही". १६८ सीडींपैकी ६३ झाल्यात. ज्या यंत्रावर आम्हाला सगळ्यात जास्त भरवसा ठेवायचा होता, तेच कुणाच्याच जबाबदारीत नाही.

आणि 'सगळं क्लाउडवर टाका' असं सांगणाऱ्यांना एवढंच सांगतो, की क्लाउडवर टाकण्यासाठीसुद्धा ते आधी सीडीतून बाहेर काढावं लागतं. जून ते सप्टेंबर आमच्याकडे नेट आणि वीज दोन्ही कधी जातील याचा नेम नसतो, हे त्यापुढचं.

एक बारीक गोष्ट राहिली. विंडोजमध्ये डीव्हीडी चालवायची आयती सोय २०१२ च्या विंडोज ८ पासून काढली गेली. बाहेरचा ड्राइव्ह जोडून लग्नाची डीव्हीडी घातली आणि काहीच झालं नाही, की माणूस डीव्हीडीच खराब झाली असं समजतो आणि टाकून देतो. असं टाकून दिलेलं मी पाहिलंय. व्हीएलसीसारखं फुकट सॉफ्टवेअर टाकलं की तीच डीव्हीडी चालते, पण हे त्या माणसाला सांगणार कोण?

म्हणून आमच्या मागण्या अशा.

प्रत्येक कंपनीने सर्वसामान्य किमतीतलं निदान एक टेबलावरचं मॉडेल येती दहा वर्षं आतल्या ड्राइव्हसह विक्रीत ठेवावं. ते सुंदर नसलं तरी चालेल, जाड असलं तरी चालेल, दोन-अडीच हजार जास्त घेतलेत तरी आमची हरकत नाही. ग्रंथालयं, दवाखाने, वकील, शाळा, नगरपरिषदा ते घेतील. आमच्या तालुक्यातल्या इतर ग्रंथालयांच्या कार्यवाहांशी मी बोललोय, पुढची खरेदी तशा यंत्राची करायला तिघे तयार आहेत.

ज्या मॉडेलांत ड्राइव्ह नाही, त्यांच्या खोक्यावर आणि जाहिरातीत ते मराठीत, ठळक लिहावं. 'या लॅपटॉपमध्ये सीडी/डीव्हीडी ड्राइव्ह नाही', एवढी एक ओळ. आमच्या देणगीदारांना त्या एका ओळीने वाचवलं असतं.

बाहेरचा ड्राइव्ह तुमच्याच नावाने, तुमच्या यंत्राशी तपासून घेतलेला, वजनदार बैठकीचा आणि लॅपटॉपइतक्याच वॉरंटीचा द्यावा. तो बिघडला तर लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या त्याच सेवा केंद्रात दुरुस्त व्हावा. ज्यांच्याकडे ड्राइव्हवाले जुने लॅपटॉप आहेत त्यांना ट्रे, खटका, भिंगाचा भाग असे सुटे भाग दहा वर्षं मिळत राहावेत. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यावर हे सुटे भाग आणि त्यांच्या किमती टाकायला तुम्हाला काही अवघड नाही.

लॅपटॉप पहिल्यांदा चालू करताना जी माहिती दाखवता, तीत जुन्या सीडी-डीव्हीडी कशा उतरवून ठेवायच्या आणि डीव्हीडी कशाने चालवायची, हे मराठीसह सगळ्या भारतीय भाषांत दाखवावं.

आणि शेवटची मागणी तुमच्या वजनाची आहे. सरकारी खात्यांना, इस्पितळांना, बँकांना तुम्हीच शेकड्याने लॅपटॉप पुरवता. त्यांना ड्राइव्ह नसलेली यंत्रं विकताना तिथेच सांगा, की नागरिकांना सीडी द्यायची असेल तर सोबत पेन ड्राइव्ह किंवा लिंकही द्या. आमच्यासारख्यांच्या अर्जापेक्षा तुमच्या शब्दाला तिथे जास्त किंमत आहे.

दहा वर्षांनी ड्राइव्ह पूर्ण बंद केलेत तर मी पत्र लिहिणार नाही. तोपर्यंत आमचं कपाट रिकामं झालेलं असेल. अजून १०५ सीडी बाकी आहेत. १९९१ ची पूर्ण मालिका दोन ड्राइव्हवर लावून पाहिली, वाचली जात नाही. शाळेतला डेस्कटॉप या दिवाळीच्या सुट्टीत भंगारात जायचाय. तो आम्हाला ग्रंथालयासाठी द्यावा म्हणून मुख्याध्यापकांना अर्ज दिला आहे.

उत्तराची वाट पाहतो.

आपला,
कार्यवाह, एक सार्वजनिक ग्रंथालय
जि. रत्नागिरी